एक मायक्रोमीटर बरोबर एक सेंटिमीटर : मानवी पेशींच्या चालत्या प्रतिकृतींच्या नोंदी

२१ नोव्हेंबर

आमच्या प्रयोगशाळेत पेशींच्या ज्या जुन्या प्रतिकृती आहेत, त्यांत तांबडी रक्तपेशी, चेतापेशी आणि अंडपेशी या तिन्ही एकाच मापाच्या असून एका लाकडी पाटावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या आहेत. त्यांच्यावरून मुलांची भागांची नावे पाठ होतात, परंतु अमुक पेशी अशीच का घडली असावी, हा प्रश्न त्या पाटासमोर उभे राहून कोणाच्याही मनात येत नाही. म्हणून यंदा नववी-दहावीच्या मुलांना घेऊन नवा संच करायचे ठरवले आणि त्यासाठी दोन अटी घातल्या. पहिली अशी की सर्व प्रतिकृतींचे प्रमाण एकच असावे. आणि दुसरी अशी की प्रत्येक प्रतिकृतीने त्या पेशीचे निदान एक तरी काम प्रत्यक्ष करून दाखवावे.

प्रमाण दहा हजार पटींचे घेतले, म्हणजे एक मायक्रोमीटर बरोबर एक सेंटिमीटर. याची मोठी सोय अशी की एक घन मायक्रोमीटर म्हणजे एक घन सेंटिमीटर, अर्थात एक मिलिलिटर होतो, त्यामुळे पेशीचे आकारमान औषधाच्या सिरिंजने मोजता येते. वजनाचेही तसेच आहे. पेशीतला एक पिकोग्रॅम आपल्याकडे एक ग्रॅम होतो. हे गणित फळ्यावर मांडल्यावर स्नायूपेशी मात्र यादीतून काढावी लागली, कारण तीन सेंटिमीटर लांबीचा साधा स्नायुतंतू या प्रमाणात तीनशे मीटर लांब होतो. उरल्या त्या तांबडी रक्तपेशी, लहान आतड्यातील शोषक पेशी, श्वासनलिकेतील पक्ष्माभिकायुक्त (केसांसारखे हलते तंतू असलेली) पेशी, चेतापेशी, आणि अंडपेशी-शुक्रपेशी ही जोडी.

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावात जे सहज मिळते, त्यातूनच सर्व काही करायचे आहे. शाळेने दोन हजार रुपये मंजूर केले आहेत.

२४ नोव्हेंबर

सुरुवात तांबड्या रक्तपेशीपासून केली. तिचा व्यास सुमारे साडेसात मायक्रोमीटर आणि आकारमान सुमारे नव्वद घन मायक्रोमीटर असते. तेव्हा फुग्यात नव्वद मिलिलिटर पाणी भरले आणि तो दोन इंची पीव्हीसी पाइपमधून ढकलून पाहिला. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर, आणि आपल्या केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, साधारण पाच ते दहा मायक्रोमीटर रुंद असतात. फुगा लांबुळका होऊन झटकन बाहेर पडला व मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तरीही ही प्रतिकृती बाद केली. फुगा पाइपमधून जातो, कारण त्याचे रबर ताणले जाते. रक्तपेशीचे पटल, म्हणजे तिचे बाहेरचे पातळ आवरण, वाकते, दुमडते, पण त्याचे क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढू लागले की ते फाटते. ती अरुंद जागेतून जाते ती ताणल्यामुळे नाही, तर तिच्याजवळ पटल मुळातच शिलकी असल्यामुळे जाते. नव्वद मिलिलिटर पाण्याला गोल चेंडूत बंद करायचे असेल तर सुमारे सत्त्याण्णव चौरस सेंटिमीटर कापड पुरते. रक्तपेशीचे पटल मात्र आपल्या प्रमाणात सुमारे एकशे चाळीस चौरस सेंटिमीटर भरते. या जादा कापडातच त्या पेशीचे सगळे कसब आहे आणि फुगा नेमके तेच लपवतो. ज्या शाळा फुगा वापरतात त्यांनी याचा जरूर विचार करावा, कारण प्रयोग येथे यशस्वी होतो आणि कारण मात्र चुकीचे शिकवले जाते.

२८ नोव्हेंबर

न ताणणारे कापड हवे म्हणून छत्रीचे कापड आणले (अर्धा मीटर, ७० रुपये). साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये कडेने फिरणारी दोन सेंटिमीटर दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी, असा आराखडा केला. दोन चकत्यांचे अठ्ठ्याऐंशी आणि पट्टीचे बावन्न मिळून बरोबर एकशे चाळीस चौरस सेंटिमीटर होतात. शिवणीसाठी सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर अधिक कापड ठेवावे.

बाजारातल्या शिंपीकाकांनी पिशवी शिवून दिली. त्यात किती पाणी भरणार हे ऐकल्यावर ते म्हणाले, "बाई, पिशवी तट्ट भरायचीच नाही, तर एवढं कापड कशाला घालता? याच्या पाऊण कापडात तुमचं काम भागेल." सोबत आलेल्या मुलीने तिथेच टेबलावर पिशवी मुठीत दाबून त्यांना दाखवली आणि कमी कापडाची तट्ट पिशवी मुठीत मावणार नाही, हे समजावून सांगितले. या प्रकल्पातले माझे निम्मे काम त्या दुकानातच झाले असे मला वाटते.

शिवणीतून पाणी पाझरत होते. सुईची भोके मेणाने बुजवून पाहिली, पण पिशवी वाकवताच मेण तडकले. शेवटी सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन आतून दोनदा लावले आणि प्रत्येक वेळी रात्रभर वाळू दिले, तेव्हा गळती थांबली. सोल्युशनची ट्यूब वीस रुपयांना मिळते. ती प्रथमच घ्यावी, आमचे मेणात दिवस गेले.

३ डिसेंबर

भरलेली पिशवी दोन्ही अंगांनी फुगीर राहते, मध्ये खोलगट होत नाही. खऱ्या पेशीत पटलाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते आणि पेशीचा द्विअंतर्वक्र (दोन्ही बाजूंनी खोलगट) आकार टिकवण्यात तिचा मोठा वाटा असतो. अशी जाळी कापडाला देणे आम्हाला जमले नाही. त्याऐवजी गादीला मारतात तसा मधोमध एक टाका मारून दोन्ही चकत्या आत ओढून घेतल्या. खऱ्या पेशीत असा कोणताही धागा आरपार जात नाही, हे प्रतिकृतीच्या पाटीवर स्पष्ट लिहिले आहे.

खोलगटपणाचा दुसरा उपयोग पट्टी लावून मोजता आला. आमच्या पिशवीतला कोणताही बिंदू पृष्ठभागापासून सव्वा सेंटिमीटरहून फारसा लांब नाही. तितक्याच आकारमानाच्या चेंडूचा मध्य मात्र पृष्ठभागापासून पावणेतीन सेंटिमीटर आत असतो. ऑक्सिजन आत शिरतो आणि बाहेर पडतो तो केवळ विसरणाने, म्हणून हे अंतर महत्त्वाचे आहे.

आत काय भरावे यावर बराच खल झाला. एका तांबड्या रक्तपेशीत तीस पिकोग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असते, म्हणजे आपल्या पिशवीत तीस ग्रॅम. केंद्रक नाही, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नाहीत. ही सारी जागा तिने हिमोग्लोबिनसाठी मोकळी केलेली असते. तंतुकणिका नसल्याने वाहून न्यायचा ऑक्सिजन ती स्वतः खर्चत नाही आणि आपल्यापुरती ऊर्जा ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून मिळवते. केंद्रक गमावल्याची किंमतही ती मोजते: नवी प्रथिने बनवता येत नसल्यामुळे सुमारे १२० दिवसांत तिचे आयुष्य संपते. आम्ही प्रथम तीस ग्रॅम मैदा आणि लाल रंग पाण्यात कालवून भरला. तो चार दिवसांत आंबला, पिशवी फुगली आणि शिवण उसवली. आता कुंड्यांना लावायचा गेरू थोड्या ग्लिसरिनसह भरला आहे. तो खाली बसतो, म्हणून वापरण्यापूर्वी पिशवी हलवून घ्यावी लागते.

चाचणीसाठी पीव्हीसीऐवजी स्पायरल बाइंडिंगच्या पारदर्शक कागदाची पाच सेंटिमीटर रुंद नळी केली. आतून साबणाचे पाणी फिरवले की पिशवी घडी घालत, कड दुमडत खाली उतरताना दिसते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा चकती होते.

९ डिसेंबर

हे पाहिल्यानंतर मुलांनी स्वतःहून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची प्रतिकृती मागितली. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विदर्भातील, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडील अनेक कुटुंबांना तो घरातून ठाऊक आहे, आणि वर्गात अशीही मुले असू शकतात हे लक्षात ठेवूनच मी ही नोंद पुढे नेली. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी एक अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब, ताठ दांड्या तयार करते.

तेव्हा दुसरी पिशवी शिवून घेतली, आणि तीत तेवढेच पाणी व गेरू भरून शिवाय अगरबत्तीच्या कोऱ्या काड्यांची एक जुडी घातली. पहिल्याच दाबाला काड्यांची टोके कापडातून बाहेर आली. टोके पॉलिश कागदावर घासून गोल केली आणि जुडी रबराने बांधली, तेव्हा पिशवी टिकली. ही पिशवी नळीच्या तोंडाशीच आडवी अडकते आणि तिच्यामागून सोडलेली निरोगी पिशवीसुद्धा थांबते. वेदनेचे झटके का येतात, हे सांगायला त्यानंतर मला फार बोलावे लागले नाही. अशा पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच टिकतात आणि म्हणून रक्त कमी पडते, एवढे मी जोडले. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हेही पाटीवर लिहिले, कारण ही पाटी पालक वाचतील.

१४ डिसेंबर

आतड्यातील शोषक पेशीच्या वरच्या पृष्ठावर सुमारे तीन हजार सूक्ष्मांकुर (बोटांसारखे बारीक उंचवटे) असतात, प्रत्येकी साधारण एक मायक्रोमीटर उंच आणि मायक्रोमीटरच्या एक दशांश जाडीचे. आपल्या प्रमाणात ते एक सेंटिमीटर उंच आणि एक मिलिमीटर जाड होतात. पेशीचे वरचे पृष्ठ आठ सेंटिमीटर बाजूचा चौरस धरले.

अगरबत्तीच्या काड्यांचे एक सेंटिमीटरचे तुकडे एम-सीलमध्ये रोवायला घेतले, पण थोडे रोवून होईपर्यंत एम-सील घट्ट होऊ लागायचे आणि तुकडे वाकडे राहायचे. जुन्या चपलेच्या तळव्याचे मऊ रबर घेऊन त्यात पोत्याच्या सुईने आधी भोक पाडायचे आणि मग फेव्हिकॉल लावलेला तुकडा दाबून बसवायचा, ही पद्धत चालली. तुकडे मात्र साधारण दीड सेंटिमीटरचे कापावेत, म्हणजे अर्धा रबरात जातो.

तीन हजार तुकडे बसवणे परीक्षेच्या तोंडावर शक्य नव्हते. म्हणून चौथ्याच हिश्श्यात साडेसातशे तुकडे बसवले आणि बाकीचे पृष्ठ मुद्दाम सपाट ठेवले. ही तडजोड पूर्ण प्रतिकृतीपेक्षा उपयोगी ठरली, कारण बोट फिरवताच दोन पृष्ठांतला फरक कळतो. सोळा चौरस सेंटिमीटरच्या सपाट तुकड्याला ऑइलपेंटचे एक बोट पुरले; तेवढ्याच जागेतील काड्या रंगवताना छोटी डबी संपत आली. गणिताने पाहिले तर एक मिलिमीटर जाडीच्या साडेसातशे काड्यांनी सोळाचे सुमारे अडीचशे चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे पंधरा-सोळा पट. आमच्या काड्या १.३ मिलिमीटर जाड असल्याने प्रतिकृतीत ही वाढ वीस पटींवर जाते. खरी पेशी आणि प्रतिकृती यांचे दोन्ही आकडे पाटीवर वेगवेगळे दिले आहेत.

या पेशीचे दुसरे वैशिष्ट्य दाखवायला एक झडप केली. ग्लुकोज आत घेणारे प्रथिन सोडियमला सोबत घेऊनच काम करते, म्हणून पुठ्ठ्याच्या झडपेला दोन खाचा ठेवल्या. ग्लुकोजचा पांढरा मणी आणि सोडियमचे निळे मणी दोन्ही खाचांत बसले तरच ती उलटते. जुलाब झाल्यावर साखर आणि मीठ एकत्र का द्यायचे, याचे उत्तर या झडपेत आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी (कॉलरा) पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले. जलसंजीवनीची पुडी घराघरात आहे. ती ज्या पेशीच्या भरवशावर चालते ती पेशी मुलांनी हाताळावी, अशी माझी इच्छा होती.

२० डिसेंबर

सर्वांत अधिक वेळ पक्ष्माभिकांनी घेतला. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर प्रत्येकी दोनशेच्या आसपास पक्ष्माभिका असतात, सहा-सात मायक्रोमीटर लांब. त्या सेकंदाला दहा ते वीस वेळा हलतात आणि धूळ अडकलेला श्लेष्मा (चिकट कफ) घशाकडे ढकलतात. चंद्रपूरकडच्या मुलांना धूळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

लाकडी दांड्यावर सायकलच्या ट्यूबच्या सात सेंटिमीटर लांब पट्ट्या ओळीने लावल्या आणि दांडा मागे-पुढे हलवण्यासाठी मूठ बसवली. श्लेष्म्यासाठी जवस रात्रभर भिजवून त्याचा चिकट बुळबुळीत रस गाळून घेतला आणि त्यावर कोळशाची पूड भुरभुरवली. दांडा कितीही हलवला तरी पूड जागच्या जागी पुढे-मागे डुलत राहिली. पट्टी जेवढे पुढे ढकलते तेवढेच मागे ओढते, हे तेव्हा ध्यानात आले.

खरी पक्ष्माभिका पुढे जाताना ताठ असते आणि परत येताना वाकून, खालून सरपटत येते. हे साधण्यासाठी प्रत्येक पट्टीच्या एका अंगाला जुन्या एक्स-रे फिल्मचे तीन छोटे तुकडे एकमेकांना खेटून चिकटवले. एका दिशेने जोर आला की तुकडे एकमेकांना टेकतात आणि पट्टी ताठ राहते. उलट दिशेने सांधे उघडतात आणि पट्टी वाकते. यासाठी पट्टी एक सेंटिमीटर रुंद ठेवावी लागली, प्रत्यक्षात ती अडीच मिलिमीटर हवी होती. जाडीचे प्रमाण येथे सोडले, लांबीचे पाळले.

तरीही पूड सरकेना, कारण पट्ट्या पूर्ण जवसाच्या रसात बुडून चिकटत होत्या. पक्ष्माभिकांच्या भोवती पातळ पाण्याचा थर असतो आणि दाट श्लेष्मा त्या थरावर तरंगत असतो. त्याला फक्त टोके लागतात. तेव्हा मांडणी उलटी केली. दांडा ट्रेच्या वर धरून पट्ट्या खाली लोंबत्या ठेवल्या आणि केवळ टोके रसाला स्पर्श करतील इतकी उंची विटांनी साधली. त्यानंतर काळी रेघ मुठीच्या प्रत्येक फेऱ्यासोबत ट्रेच्या एका टोकाकडे सरकू लागली. तंबाखूच्या धुरामुळे या पक्ष्माभिका मंदावतात आणि कालांतराने आखूड होतात, नष्टही होतात. म्हणून मुलांनी शेवटी काही पट्ट्या काढून तोच प्रयोग पुन्हा करून दाखवण्याचे ठरवले.

२८ डिसेंबर

आता चेतापेशी. कमरेतील मज्जारज्जूपासून पावलाच्या स्नायूपर्यंत जाणारा तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा लांब धागा, सुमारे एक मीटर लांब असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात दहा किलोमीटर. पेशीचा मुख्य देह मात्र पन्नास सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. या तंतूचा मायलिनने झाकलेला एकच पेरा करायचे ठरवले. तो साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे दहा मीटरचा. व्हरांड्यात बरोबर बसला.

बांधकामावरून चार इंची पाइप उसने आणून जोडले. मायलिन म्हणजे श्वॉन नावाच्या शेजारच्या पेशीने अक्षतंतूभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळलेले स्वतःचेच पटल असते, म्हणून वेढ्यांसाठी जुन्या साड्या घेतल्या. दोन साड्या लांबीने जोडल्या की दहा मीटर झाकले जातात आणि साडीच्या रुंदीत पाइपभोवती तीन वेढे बसतात. जाड अक्षतंतूवर असे शंभरापर्यंत वेढे असू शकतात. आम्ही सहा दिले. साडी एकट्याने गुंडाळली की मध्ये झोळ पडतो. व्हरांडाभर मुले उभी करून सर्वांनी एकदम पाइप फिरवावा, मग वेढे सारखे बसतात. दोन पेऱ्यांमधली उघडी जागा, रॅनव्हिएरचे पेर, फक्त एक सेंटिमीटरची ठेवली.

काम दाखवण्यासाठी दोन रांगा केल्या. एकीत मुले खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि थाप पुढे देत गेली. दुसरीत दहा-दहा मीटरवर एकेक मूल ताणलेली दोरी धरून उभे राहिले आणि झटका पुढे देत गेले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोरीचा संदेश फार आधी पोहोचला. मायलिनयुक्त जाड तंतूत संदेश सेकंदाला शंभर मीटरहूनही वेगाने जाऊ शकतो, मायलिन नसलेल्या बारीक तंतूत सेकंदाला एक-दोन मीटरच. ठेच लागल्यावर पाय आधी मागे येतो आणि ठणका नंतर जाणवतो, त्यामागे हा फरक आहे.

४ जानेवारी

अंडपेशी शंभर मायक्रोमीटरची, म्हणजे एक मीटर व्यासाची. दिवाळीतील मोठ्या आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा मंडळाकडून मिळाला, त्यावर पांढरा पतंगी कागद लावला. शुक्रपेशीचे पाच सेंटिमीटरचे डोके शाडूचे केले आणि शेपटीसाठी सुमारे पन्नास सेंटिमीटर वायर घेतली. डोक्यामागच्या मध्यभागी तंतुकणिकांचे वेटोळे म्हणून लाल दोरा गुंडाळला. या जोडीला वेळ लागला नाही आणि अडचणही आली नाही. अंडपेशीत पाचशे लिटरहून अधिक पाणी मावेल एवढी जागा आहे, कारण गर्भाशयात रुजेपर्यंतचा साठा तिलाच पुरवायचा असतो. शुक्रपेशीने मात्र केंद्रक, इंधनयंत्रे, शेपटी आणि अंडपेशीचे आवरण भेदणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) टोपी एवढेच जवळ ठेवले आहे. दोन्ही शेजारी टांगल्यावर मुली बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे प्रश्न विचारले, ते पुस्तकासमोर बसून त्यांनी कधीच विचारले नव्हते.

१० जानेवारी

आतापर्यंतचा खर्च १,३४० रुपये झाला. त्यातला मोठा भाग छत्रीच्या कापडावर, शिलाईवर आणि ऑइलपेंटवर गेला. साड्या, पाइप, ट्यूब आणि एक्स-रे फिल्म यांना पैसे पडले नाहीत. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी रक्तपेशीच्या दोन पिशव्या आणि पारदर्शक नळी एवढेच करावे. तेवढे दोनशे रुपयांत होते.

दोन दुरुस्त्या बाकी आहेत. रक्तपेशीच्या मधल्या टाक्यापाशी पुन्हा ओल दिसू लागली आहे. तिथे दोन्ही बाजूंनी ट्यूबचा गोल तुकडा सोल्युशनने चिकटवून त्यातून टाका घ्यायचा आहे. जवसाचा रस दुसऱ्या दिवशी पातळ होतो, म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीच तो करावा लागेल.

पुढच्या सत्रात डोळ्यातील दंडपेशी घेणार आहोत. तिचा प्रकाश टिपणारा भाग दोन मायक्रोमीटर रुंद आणि सुमारे पंचवीस मायक्रोमीटर लांब असून त्यात शेकडो चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. उरलेल्या एक्स-रे फिल्ममधून दोन सेंटिमीटरच्या चकत्या पाडायला चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराने आपला पंच देण्याचे कबूल केले आहे.